लपलेल्या बंदरात बिऱ्हाड

मॅगेलन नावाच्या दर्यावर्दीने १५२० साली एका अफाट समुद्राला ‘प्रशांत’ म्हणजे शांत असे नाव ठेवले. त्याला हवा चांगली लागली असावी. मेक्सिकोच्या दक्षिण किनाऱ्यावरचे पुएर्तो एस्कोंदिदो हे गाव त्याने पाहिले असते, तर हे नाव ठेवण्यापूर्वी त्याने दहा वेळा विचार केला असता! जगातल्या बलदंड लाटांपैकी काही लाटा या एका गावाच्या पुळणीवर येऊन आपटतात; आणि त्या लाटांवर फळी टाकून स्वार होण्यासाठी ऑस्ट्रेलियापासून ब्राझीलपर्यंतची तरुण मंडळी इथे जमतात.

पुएर्तो एस्कोंदिदो म्हणजे लपलेले बंदर. चाचांच्या तावडीतून निसटलेली एक मिश्तेक मुलगी इथल्या रानात लपून राहिली, म्हणून हे नाव पडले, अशी दंतकथा सांगतात. दंतकथा सोडली तरी नाव शोभते खरे. मागे सिएरा माद्रे देल सुर हा उंच डोंगर आणि पुढे समुद्र. मध्ये जेमतेम पट्टी. आपल्या कोकणाचीच ठेवण. डोंगरातली कॉफी जहाजांवर चढवण्याचे हे एक आडबाजूचे ठिकाण होते. गोड्या पाण्याची वानवा असल्यामुळे वस्तीही फार उशिरा, विसाव्या शतकात झाली. पुढे किनाऱ्याचा हमरस्ता आला, त्यावरून लाटांचे वेडे आले, आणि बंदराचे लपणे संपले.

आमचा भाचा नोकरीनिमित्त मेक्सिको शहरात असतो. त्याच्याकडे आम्ही उभयता आणि कॉलेजात जाणारी आमची कन्या असे गेलो, तेव्हा त्याने हे गाव सुचवले. परत आल्यापासून ओळखीच्या मंडळींचा प्रश्न एकच : “तिथं पाहण्यासारखं काय आहे?” खरे म्हणजे हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की तिथे उतरायचे कुठे? कारण या गावात तुमचा मुक्काम कुठे आहे यावर तुम्ही काय पाहणार, किती चालणार आणि समुद्रात पाय घालू शकणार की नाही, हे सारे अवलंबून असते.

आधी जाण्याचे. मेक्सिको शहरातून विमानाने सव्वा तासाच्या आत माणूस तिथे उतरतो. विमानतळ लहानसा, गावाच्या पश्चिम अंगाला. ज्यांना वाहाका शहर पाहायचे असेल (आणि ते अवश्य पाहावे), त्यांना तिथून मोटारीचा रस्ता आहे. स्पेलिंग पाहून ‘ओअक्साका’ म्हणाल तर कुणाला कळणार नाही. उच्चार ‘वाहाका’ असाच करावा. पूर्वी या शहरातून किनाऱ्यावर यायला सहा-सात तासांचा घाट उतरावा लागे. आणि घाट म्हणजे कसा, तर पोटातले अन्न आणि डोक्यातले विचार दोन्ही ढवळून निघावेत असा. २०२४ सालच्या फेब्रुवारीत डोंगर फोडून काढलेला नवा रस्ता सुरू झाला. सुमारे १०४ किलोमीटरच्या या रस्त्याचे काम वर्षानुवर्षे रखडले होते. आता तोच प्रवास अडीच-तीन तासांत होतो. या रस्त्याने गावाचे काय केले, त्याकडे पुढे येऊच.

गावाची रचना एकदा ध्यानात घेतली की हरवायला होत नाही. किनाऱ्याला समांतर असा हमरस्ता गावाच्या मधोमध जातो. त्याला ‘कोस्तेरा’ म्हणतात. रस्त्याच्या वरच्या अंगाला चढण, आणि त्या चढणीवर खरे गाव : मंडई, शाळा, दवाखाने, स्थानिक माणसांची घरे. खालच्या अंगाला समुद्र आणि प्रवाशांची दुनिया. गंमत अशी, की एकच गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वस्तीचा कारभार दोन नगरपालिका पाहतात. पश्चिमेचा भाग सान पेद्रो मिश्तेपेककडे, तर पूर्वेकडची प्रसिद्ध पुळण सांता मारिया कोलोतेपेककडे.

नकाशावर सारे जवळजवळ दिसते. “हे काय, दहा मिनिटं!” असे म्हणून दुपारी बाराला पायी निघणाऱ्याने आपले पाय कोणत्या अक्षांशावर आहेत ते विसरू नये. ऊन आपल्या रत्नागिरीचे आणि चढ माथेरानचे, असा तो मामला. सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर चालावे. मधल्या वेळात वाहन करावे.

वाहने दोन प्रकारची. पहिली टॅक्सी. भाच्याने उतरल्या उतरल्याच धडा दिला : “मामा, इथं टॅक्सीला मीटर नसतो. भाडं बसण्याआधी ठरवायचं. बसल्यावर ठरवलंत, तर ते भाडं नव्हे, दंड!”

“म्हणजे आपल्या गावाकडच्या टांग्यासारखंच की,” सौ. म्हणाली आणि तिथल्या तिथे या देशाशी तिचे सूत जमले.

भाडे विचारायला ‘क्वांतो?’ हा एक शब्द पुरतो. सुटे पैसे मात्र जवळ हवेत. पाचशे पेसोंची नोट पाहून टॅक्सीवाल्याचा चेहरा आपल्या कंडक्टरसारखाच होतो. विमानतळाच्या आतली टॅक्सी महाग पडते. सामान थोडे असेल तर फाटकाबाहेर हमरस्त्यावर यावे, तिथे स्वस्तात मिळते.

दुसरे वाहन म्हणजे कामियोनेता. सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकांना ‘वडाप’ म्हटले की लगेच कळेल. छोट्या ट्रकच्या पाठीवर दोन बाजूंना बाके, वर ताडपत्री, आणि मध्ये कोंबड्या, टोपल्या, शाळेची मुले व एखाद्या गोऱ्या पाहुण्याची सातफुटी फळी. हा ट्रक हमरस्त्यावरून मंडईपर्यंत सतत ये-जा करीत असतो. हात केला की थांबतो, थोडक्या पेसोंत पोचवतो. उतरायचे झाले की ‘बाहान!’ असे ओरडायचे. आमच्या कन्येने ही आरोळी पहिल्याच दिवशी आत्मसात केली. नंतर तर शेजारच्यांना उतरायचे असले तरी तीच ओरडू लागली. ज्याला गाव खऱ्या अर्थाने भेटायला हवे, त्याने दिवसातून एकदा तरी या ट्रकमध्ये बसावे.

आता बिऱ्हाडाचा प्रश्न. भाच्याने मोबाईलवर तीन-चार जागांचे फोटो मामीपुढे धरले होते. पांढऱ्याशुभ्र चादरी, झुलते पाळणे, माडाच्या झावळ्यांचे छप्पर. एकाहून एक देखणे. सौ.ने दोन मिनिटे पाहिले आणि फोन परत केला. “अरे, खोलीचा फोटो घेऊन काय करू? खोलीपासून पाण्यापर्यंत पायऱ्या किती, आणि त्या पाण्यात मला उतरता येईल का, ते सांग.”

भाचा हसला, पण या गावात घर निवडण्याचे सारे शास्त्र त्या दोन प्रश्नांत आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाऊ या, म्हणजे हिशेब सोपा होईल.

पहिली पुळण बाकोचो. लांबच लांब, मोकळी, सूर्यास्ताला सुंदर. पण पाणी दगाबाज. इथे मोठी हॉटेले आणि बंगल्यांची शांत वस्ती आहे. ज्यांना हॉटेलच्याच तलावात डुंबायचे आहे त्यांना ठीक.

पुढे रिंकोनादा नावाची वस्ती. एके काळी गावाची धावपट्टी इथे होती; म्हणून इथला मुख्य रस्ता नाकासमोर सरळ आणि ऐसपैस आहे. दोन्ही बाजूंना झाडे, खाणावळी, छोटी निवासस्थाने. कड्याच्या खाली कारिसालियो ही घोड्याच्या नालेसारखी छोटी खाडी. पाणी हिरवे-निळे, लाट सौम्य. मुलांनी डुंबावे, नवशिक्यांनी फळीवर उभे राहायला शिकावे, अशी जागा. अट एकच : उतरायला दीडशेहून अधिक पायऱ्या. उतरताना वाटते, ‘हे तर काहीच नाही’. चढताना पर्वतीची आठवण येते. गुडघे धड असतील तर कुटुंबासाठी याहून चांगली जागा नाही. आम्ही इथेच उतरलो.

गुडघे धड नसतील तर? मग पुएर्तो आन्हेलितो आणि त्याला लागून असलेली मान्सानियो. या जुळ्या खाड्या शांत आहेत, आणि रविवारी इथे मेक्सिकन कुटुंबे डबे, आज्या आणि नातवंडे घेऊन लोटतात. गर्दी असते, पण ती आपल्या जुहूच्या गर्दीसारखी घरगुती.

मग येतो गावाचा जुना भाग. मुख्य पुळण आणि तिच्या मागची फरसबंदीची गल्ली, ‘आदोकीन’. पहाटे इथे कोळ्यांच्या होड्या लागतात. होडी हळूच लावण्याची इथे रीत नाही. इंजिन भरधाव सोडून होडी सरळ वाळूवर चढवायची, आजूबाजूच्यांनी पळायचे. मग टोपल्या, मासळी, भाव आणि पेलिकन पक्ष्यांची चोरी. ज्याला मासळीबाजार म्हणजे देवदर्शन वाटते, त्याने इथे खोली घ्यावी. खोल्या जुन्या, साध्या आणि बेताच्या दराच्या. शेजारची मारिनेरो पुळण संध्याकाळच्या फिरण्याला छान आहे.

आणि त्यानंतर ती! सिकातेला. सुमारे तीन किलोमीटर लांबीची सोनेरी पुळण, जिच्यासाठी या गावाचे नाव जगभर झाले. हवाई बेटांवरच्या नामांकित लाटेवरून हिला ‘मेक्सिकन पाइपलाइन’ म्हणतात. या लाटेची जन्मकथा मोठी आहे. आपला उन्हाळा संपत येतो तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. तिकडच्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून इथे येतात. इतर किनाऱ्यांवर उथळ तळ त्यांचा वेग वाटेतच मोडतो. इथे खोल समुद्र थेट किनाऱ्याजवळ येऊन भिडतो. त्यामुळे लाट सगळा जोर शाबूत राखून येते आणि वाळूच्या दांड्यावर एकाएकी उभी राहून पुढे कोसळते. कोसळताना तिच्या पोटात एक पोकळ बोगदा तयार होतो. त्या बोगद्यातून फळीवर उभे राहून, छत कोसळण्याच्या आत बाहेर निसटायचे, हा तो खेळ.

आम्ही संध्याकाळी वाळूवर बसून हा खेळ पाहिला. पाण्यात एक काळा ठिपका दिसे, मागून दोन मजली घराएवढी भिंत उठे, ठिपका तीवरून घसरे आणि नाहीसा होई. आपण श्वास धरून मोजावे : एक, दोन, तीन... आणि फेसातून तो बाहेर येई, हात वर करून! कधी येत नसे. मग नुसती फळीच उसळून वर दिसे, आणि जीवरक्षक उभे राहात. मागे बसलेली एक मेक्सिकन बाई छातीवर क्रूस काढी. कुणाचा कोण तो पोरगा. पण आमची सौ.ही तेव्हा हात जोडून बसलेली मी पाहिली.

म्हणून एक गोष्ट बजावून सांगतो. सिकातेला ही पाहण्याची पुळण आहे, पोहण्याची नव्हे. लाट लहान दिसली तरी पायाखालची वाळू ओढून नेणारा प्रवाह असतो. लाल बावटा असेल तर घोट्यापर्यंतसुद्धा जाऊ नये. जीवरक्षकांची शिट्टी आपल्यासाठीच आहे असे समजावे. एक उंच तरुण कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून फोटो काढून घेत होता. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली, ओरडला, आणि शेवटी स्वतः जाऊन त्याला दंडाला धरून बाहेर आणले. पुढची लाट जिथे फुटली, तिथे तो तरुण क्षणापूर्वी उभा होता. यानंतर कुणी काही बोलले नाही. सिकातेलावर राहायला हरकत नाही. खाण्यापिण्याची चंगळ आहे, रात्रभर लाटांचा गडगडाट ऐकू येतो. पण लहान मुले बरोबर असतील तर समुद्र दाराशी असूनही रोज टॅक्सी करून दुसरीकडे डुंबायला जावे लागेल, हे धरून चालावे.

सिकातेलाच्या पूर्व टोकाला ला पुंता, म्हणजे टोक. खडकाळ भूशिराच्या आडोशाने लाट इथे लांब आणि मवाळ होते. म्हणून शिकाऊ मंडळींची शाळा इथे भरते. मातीच्या गल्ल्या, अनवाणी तरुण, संगणक मांडीवर घेऊन बसलेले परदेशी, आणि पहाटेपर्यंत संगीत. विशीतल्या मुलांना हा स्वर्ग. आमच्या कन्येला तेच वाटले. साठीच्या माणसाने मात्र तिथे सूर्यास्त पाहावा, नारळपाणी प्यावे आणि झोपायला आपल्या बिऱ्हाडी परतावे.

जागा ठरली, की खोलीत चार गोष्टी पाहाव्यात. वारा आरपार खेळतो का. कारण विजेने डोळा मिचकावला की थंड हवेचे यंत्र नुसती शोभेची वस्तू होते. खिडकीला जाळी आहे का. डासांचे आणि आपले रक्ताचे नाते तिथेही आहेच. गच्चीवर पाण्याची टाकी केवढी आहे. बऱ्याच घरांना टँकरने पाणी घ्यावे लागते. आणि पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा मोठा बुधला, ज्याला तिथे ‘गारराफोन’ म्हणतात, तो खोलीत आहे का. नळाचे पाणी पिऊ नये.

जेवणाचे आपल्याकडच्या माणसाला भय वाटते; तितके कारण नाही. मक्याची भाकरी आणि घेवड्याचे वरण हे तिथले मूळ अन्न. वाहाकाचा ‘त्लायुदा’ म्हणजे ताटाएवढी कडक मक्याची भाकरी. तिच्यावर उसळीचा लेप आणि दोरीसारख्या धाग्यांचे चीज. शाकाहारी मंडळींनी ‘सिन आसियेंतो’ असे आधीच सांगावे. आसियेंतो म्हणजे डुकराची चरबी, आणि ती न मागता लावतात. ‘आग्वा दे हामाईका’ हे लाल सरबत पिऊन सौ. म्हणाली, “अहो, हे तर आपलं अंबाडीच्या बोंडांचं!” अगदी खरे.

वरच्या अंगाच्या बेनितो हुआरेस मंडईत तर माहेरीच आल्यासारखे होते. मिरच्यांचे ढीग, पेरू, पपई, सीताफळ, चिकू. ही सारी आपली वाटणारी मंडळी मूळची अमेरिका खंडाची. मिरची तर पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली. ‘चिकू’ हा शब्दही मेक्सिकोकडचाच. आणि मका पाहिला की एका मराठी माणसाची आठवण यावी. विदर्भातले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे परागंदा होऊन मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिक्षक झाले आणि मक्याच्या नव्या वाणांवर त्यांनी काम केले. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवले आहे. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. त्या देशाच्या भाकरीत आपल्याही एका माणसाचा घाम आहे, हे ठाऊक असले म्हणजे घास वेगळा लागतो.

आसपासच्या सहलींपैकी दोन चुकवू नयेत. पश्चिमेला मानियाल्तेपेकचे खाजण. अमावास्येच्या आसपास रात्री होडीतून हात पाण्यात फिरवला की निळसर ठिणग्या उडतात. दुसरी, संध्याकाळी बाकोचोवर कासवांची पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा. ही ऑलिव्ह रिडले जातीची. आपल्या रत्नागिरीच्या वेळासला येतात तीच. याच किनाऱ्यावर पूर्वी कासवांची सर्रास कत्तल चाले. १९९० साली मेक्सिकोने तिच्यावर बंदी घातली.

केव्हा जावे? नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम. कुटुंबासाठी हाच चांगला. मोठ्या लाटा पाहायच्या असतील तर मे ते ऑगस्ट. पण मग पाऊस आणि वादळे यांची तयारी हवी. १९९७ सालच्या पाउलिना वादळाने हा किनारा झोडपला होता, आणि २०२५ च्या जूनमध्ये एरिक वादळानेही. नाताळ आणि ईस्टरच्या आठवड्यात दर गगनाला भिडतात. १ व २ नोव्हेंबरला तिथे पितरांचा सण असतो, आणि घरोघर झेंडूच्या फुलांची आरास. दसऱ्याला आपल्या दारावर तोरण होऊन बसणारा हा झेंडूही मूळचा मेक्सिकोचाच!

शेवटी त्या नव्या रस्त्याबद्दल. अडीच तासांत शहर गाठता येते, याचा आनंद गावाला झालाच. आजारी माणसाला घाटात सात तास हिंदकळावे लागत नाही. पण त्याच रस्त्याने पैसेवाला पाहुणाही येतो. आमच्या घरमालकीणबाई भाच्याच्या मध्यस्थीने म्हणाल्या, “माझा मुलगा याच गल्लीत वाढला. आज त्याला याच गल्लीत खोली परवडत नाही. तो वर डोंगरात राहतो आणि रोज ट्रकने खाली कामाला येतो.” कामियोनेतात सकाळी आमच्या शेजारी बसणारी माणसे कोण, ते तेव्हा उमगले. आचारी, झाडूवाल्या, गवंडी. समुद्राकाठी राहणारे आम्ही, आणि समुद्राकाठचे मूळ रहिवासी मात्र उतारू. आपल्या कोकणातही नवे रस्ते होत आहेत. त्यामुळे त्या बाईंचे बोलणे मला फार लांबचे वाटले नाही.

पाहुण्याने यावर काय करावे? फार काही त्याच्या हाती नसते, पण अगदीच काही नाही असेही नाही. परक्या मालकाच्या चकचकीत इमारतीपेक्षा, जिथे घरची माणसे अंगणात राहतात अशी ‘पोसादा’ निवडावी. पाणी जपून वापरावे. मंडईत खावे, ट्रकमध्ये बसावे आणि पैसे ज्याच्या त्याच्या हातात द्यावेत. खोली थोडी साधी मिळेल, पंखा थोडा कुरकुरेल. पण सकाळी मालकीणबाई स्वतः कॉफी आणून ठेवतील आणि आज कोणता बावटा लागला आहे, कुठल्या पाण्यात उतरावे, ते सांगतील. त्या गावात यापेक्षा मोलाची सोय दुसरी नाही.